दारची हिवाळी फुले



चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा किमान वेतनाची, बोनसची किंवा कंत्राटी पद्धतीची असावी. आम्ही हिवाळी फुलझुडपांचे नाव सांगताच ते क्षणभर गप्प राहिले. मग एकाने भीतभीत विचारले, "वसंतात हिवाळ्यावर बोलणार?" आम्ही म्हटले, होय, कारण हिवाळ्यात त्यावर बोलून काही उपयोग नाही. पौषात कुणाच्या कुंपणावर कुंद फुललेला पाहून ज्याला हळहळ वाटते, त्याचे ते वर्ष गेलेले असते. खड्डा वैशाखात घ्यावा लागतो, रोप आषाढात लावावे लागते, तेव्हा कुठे पौष-माघात वास दारी येतो. आज तुम्ही मनावर घेतलेत तर पावसाला अजून अवकाश आहे.

आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिकणे झाले ते पाळी सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि खटल्यांच्या कागदांत झाले. वनस्पतिशास्त्राचा आमचा अधिकार विचाराल तर शून्य. परंतु गेली तीस वर्षे या गावच्या कामगार वस्त्यांतून हिंडताना कोणाच्या दारी काय जगले आणि काय मेले, हे आम्ही बारकाईने पाहत आलो आहो. आणि 'आम्ही' म्हणतो ते थोरवीने नव्हे. चळवळीत माणसाची 'मी' म्हणायची सवयच मोडते.

आता मुद्द्याची गोष्ट. आपले गाव साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर, दख्खनच्या काळ्या खडकावर वसलेले. वर्षाचा पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नळाच्या पाण्याची कथा तुम्हांला सांगायला नको. १९७६ साली पैठणचे जायकवाडी धरण पुरे झाले, तेथून पाइपाने पाणी आले, आणि तरीही कित्येक वस्त्यांनी वर्षानुवर्षे चार, पाच, आठ दिवसांनी येणाऱ्या पाण्याची वाट पाहिली. अशा गावात बागेचे नाव काढले की बायका कपाळावर आठ्या घालतात, आणि त्यांचे बरोबर असते, कारण पिंप भरायला पहाटे तीनला त्याच उठतात.

पण नेमका येथेच हिवाळी फुलांचा हिशेब वेगळा आहे. मोगरा आपला लाडका. त्याला ज्ञानेश्वर लाभले, त्यामुळे त्याच्याविरुद्ध बोलण्याची प्राज्ञा नाही. तरी पाहा, मोगरा भरात येतो चैत्र-वैशाखात. म्हणजे ज्या दिवसांत टँकरमागे घागरींची रांग लागते, त्याच दिवसांत त्याला रोज तांब्या-दोन तांबे पाणी हवे. उलट कुंद फुलतो मार्गशीर्षापासून माघापर्यंत. त्या वेळी पावसाने मुरवलेली ओल जमिनीत खाली शिल्लक असते, ऊन कोवळे असते, पान कमी पाणी उडवते. ज्या महिन्यांत झाड सर्वांत जास्त देते त्याच महिन्यांत ते सर्वांत कमी मागते. मालकवर्गाला हे उदाहरण फार आवडेल, म्हणून ते येथेच सोडतो.

थंड मुलुखांतही हिवाळ्यात फुलणारी सुगंधी झुडपे असतात. चीनमध्ये लामेई नावाचे झुडूप ऐन कडाक्यात, अंगावर एक पान नसताना, मेणासारखी पिवळी फुले काढते आणि त्यांचा वास दूरवर जातो. तेथे त्या दिवसांत किडेमुंग्या थोड्या, म्हणून फुलाला लांबून हाक मारावी लागते. आपल्याकडे थंडीत मधमाशीला काम भरपूर असते. तुरीचा फुलोरा सरत असतो, करडई पिवळी व्हायला लागलेली असते. आपली बरीचशी सुगंधी फुले हाक मारतात ती रात्रीच्या पतंगांना. म्हणून ती पांढरी असतात, अंधारात दिसावीत अशी, आणि संध्याकाळनंतर उमलतात. थंडीत सुगंध कमी उडतो हे खरे, पण हिवाळ्याच्या रात्री हवा जमिनीलगत स्थिर पडून राहते. म्हणून पहाटे गल्लीत धूर कोंडतो आणि त्याच कारणाने वासही कोंडतो. दुसरी पाळी सुटल्यावर रात्री बाराच्या सुमारास सायकल हातात धरून वस्तीतून चालत जाणाऱ्या माणसाला कोणत्या दारी काय लावले आहे ते न दिसताही कळते.

आता एकेक झुडूप घेऊ. यादी लांबवणार नाही. आमच्या मते या गावच्या अंगणाला चार-पाच पुरेत.

पहिला मान कुंदाचा. कुंद म्हणजे जाईजुईचाच भाऊबंद, जास्मिन कुळातला. पाने गर्द, किंचित लवदार, फांद्या लांब वाढून खाली झुकणाऱ्या, फुले चांदणीसारखी पांढरी आणि झुपक्यांनी येणारी. कालिदासाने मेघदूतात अलकानगरीच्या स्त्रियांना सहा ऋतूंची फुले एकाच वेळी अंगावर ल्यायला दिली आहेत, त्यांत केसांत माळलेला कुंद हा हेमंताचा प्रतिनिधी. सरस्वतीच्या शुभ्रपणाला पहिली उपमा मिळते तीही कुंदाचीच. इतके असून आज बाजारात कुंदाचा गजरा मागा, निम्मे फुलवाले तुमच्या तोंडाकडे पाहतील. वासाच्या बाबतीत आम्ही तुम्हांला फसवणार नाही. मोगऱ्यासारखा तो अंगावर येत नाही. ओंजळभर फुले नाकाशी न्यावी लागतात, किंवा सकाळी दव असताना झुडपाजवळ उभे राहावे लागते. पण गड्याची चिकाटी मोठी. एकदा दोन पावसाळे पाहिले की तो उन्हाळ्यात आठ आठ दिवसांच्या पाण्यावर तग धरतो. पाने टाकतो, मरगळतो आणि मृगाच्या पहिल्या सरीला पुन्हा उठतो.

कुंद वाढवायला रोप विकत घेण्याचे कारण नाही. शेजाऱ्याच्या कुंदाची खाली लोळणारी फांदी पावसाळ्यात मातीत दाबावी. दाबायच्या जागी खालून साल थोडी खरवडावी, वर दगड ठेवावा. दोन-तीन महिन्यांत मुळ्या फुटतात. यालाच दाबकलम म्हणतात. ऊन त्याला दिवसाचे पाच-सहा तास तरी हवे. सावलीत तो नुसता पाला काढतो. आणि छाटणी फुले संपल्यावर, फाल्गुनात करावी. पुष्कळ लोक दिवाळीच्या साफसफाईत झाड नीटनेटके दिसावे म्हणून कात्री चालवतात आणि मग पौषात विचारतात, कळ्या कां नाहीत? कळ्या दिवाळीला कचऱ्याच्या गाडीत गेल्या.

दुसरा गुलाब. गुलाबाला कोणी हिवाळी झुडूप म्हणत नाही, कारण बाजारात तो बारमाही दिसतो. पण आपल्या हवेत अंगणातल्या गुलाबाची खरी शोभा मार्गशीर्ष ते माघ एवढीच. ऑक्टोबरात पाऊस उघडला की काही दिवस पाणी तोडावे, मग जुन्या व वाळक्या फांद्या काढून छाटणी करावी, बुडाची माती मोकळी करून शेणखत घालावे, आणि पाणी सुरू करावे. सहा-सात आठवड्यांत पहिला बहर येतो. कलमाच्या सांध्याखालून जो फुटवा येतो तो खुंटाचा, त्याला कधी तुमचे फूल येणार नाही. तो दिसला की बुडापासून काढावा. आमच्या संघटनेतही असे काही फुटवे होते, असो.

वासाचा विचार करूनच गुलाब निवडावा. मावळात तळेगावच्या परिसरात हरितगृहांतून जो गुलाब परदेशी जातो, तो दांडी लांब आणि फूल टिकाऊ असावे म्हणून निपजवलेला. त्या खटपटीत त्याचा वास बहुतेक हरवला. गुलकंदाला लागतो तो विस्कटलेल्या पाकळ्यांचा गुलाबी देशी गुलाब दोन दिवसांत गळतो, दिसायलाही गबाळा, पण खोलीत एक फूल ठेवा, खोली भरते. आमचे मत त्याच्या बाजूचे आहे.

आपल्या मातीबद्दल येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. काळ्या जमिनीत आणि बोअरच्या पाण्यात चुन्याचा अंश फार. त्यामुळे गुलाब आणि जाई-कुंदाच्या वर्गातली झाडे नवी पालवी पिवळी काढतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक समजतात पाणी कमी पडले, आणि आणखी बोअरचे पाणी ओततात. वास्तविक तेथे लोह असूनही झाडाला घेता येत नाही, कारण चुना ते अडवून धरतो. हिराकस लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम विरघळवून पानांवर फवारावा, आणि दरवर्षी कुजलेला पालापाचोळा भरपूर घालावा. धान्य गोदामात आहे आणि रेशनकार्डावर मिळत नाही, अशातला हा प्रकार.

तिसरी देवबाभूळ. तुम्ही हसाल, बाभूळ कोणी अंगणात लावतो कां? पण कुंपणाला तिच्यासारखी जात नाही. काटे तिखट, पाणी जवळजवळ नको, आणि थंडीत अंगभर पिवळे मखमली गोंडे. त्यांचा वास मधाळ, किंचित ओलसर, एकदा ओळखला की विसरत नाही. ही मूळची अमेरिकेतली. सतराव्या शतकाच्या आरंभी रोममध्ये फार्नेसे या सरदार घराण्याच्या बागेत ती वाढली, म्हणून शास्त्रज्ञांनी तिच्या नावात ते घराणे घातले. पुढे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याकडे अत्तरवाल्यांनी तिचे मळेच केले. म्हणजे पाहा, मलिक अंबर १६१० साली खडकी गाव वसवून डोंगरांतून जमिनीखालच्या नहरींनी पाणी आणत होता, जवळपास त्याच वेळी रोममध्ये हे झुडूप सरदारी थाटात वाढत होते. आज ते आपल्याकडे ओढ्याच्या काठी बेवारस उभे आहे आणि शेळ्या त्याच्याखाली बसतात.

पारिजातकाची ओळख करून देण्याची गरज नाही. तो झुडूप की झाड हा वाद करणाऱ्यांनी करावा. छाटून ठेवला तर अंगणात मावतो. श्रावणात सुरुवात होऊन तो थंडीच्या तोंडापर्यंत फुलतो. त्याचे मूळ घर कोरड्या टेकड्यांवरचे, त्यामुळे एकदा लागला की पाण्यासाठी हटून बसत नाही. तिसऱ्या पाळीहून सकाळी घरी येणाऱ्या माणसाच्या वाटेवर त्याचा सडा पडलेला असतो. फुलाच्या केशरी देठांपासून पूर्वी रेशमाला रंग देत.

रातराणी आम्ही कोपऱ्यात, खिडकीपासून दूर लावायला सांगतो. वास उग्र, काहींचे डोके चढते, आणि तिची पांढरी फळे विषारी असतात, म्हणून लहान मुले असतील तेथे फळे धरण्यापूर्वीच फुलोरा सरलेल्या फांद्या कापाव्यात. बुचाचे झाड आणि सातवीण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळा रस्ता भारून टाकतात, पण ती रस्त्याची झाडे. बुचाचे लाकूड ठिसूळ, वादळात फांदी मोडते, ते पत्र्याच्या घरावर नको.

शेवंती झुडूप नव्हे हे आम्हांस ठाऊक आहे. तरी तिचा एक गुण सांगतो, कारण तो आमच्या धंद्यातला आहे. शेवंतीला फुलायला लांब, सलग, अंधारी रात्र लागते. दिवस लहान झाले की ती ओळखते आणि कळी धरते. झाडे दिवस-रात्रीच्या लांबीनुसार फुलतात हे गार्नर व अॅलार्ड या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९२० साली प्रसिद्ध केले. आमच्या वस्तीत दोन घरी एकाच रोपाच्या काश्या लावल्या होत्या. एका घरी दिवाळीनंतर ताटभर फुले, दुसऱ्या घरी महिना उलटला तरी नुसता पाला. त्या दुसऱ्या दारासमोर नवा, लखलखीत रस्त्याचा दिवा बसला होता. कुंडी उचलून घराच्या मागे अंधारात ठेवली, तेव्हा कळ्या आल्या. शेवंतीलाही रात्रपाळी मानवत नाही.

आणि लिंबू. कागदी लिंबाचे झुडूप अंगणात असले म्हणजे माघात त्याच्या फुलांचा वास कोणत्याही जाईला हार जात नाही. जालन्याकडच्या मोसंबीच्या बागांतून जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत एकदा संध्याकाळी जाऊन पाहा. त्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते फळासाठी. फुलाच्या वासासाठी वेगळे द्यायला हरकत नव्हती. हा आंबे बहर बागवान मुद्दाम आणतात. पावसाळ्यानंतर काही आठवडे पाणी तोडतात, त्याला ताण देणे म्हणतात. पान थोडे गळते, झाड वाढ थांबवते, आणि मग पाणी दिले की फांदीफांदीला फूल. आपल्या दिल्ली दरवाजाजवळच्या हिमायतबागेत कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे, तेथे ही विद्या जाणणारी माणसे आहेत. एवढे लक्षात ठेवावे की ताण भारी जमिनीत जास्त दिवस आणि हलक्या जमिनीत कमी दिवस द्यायचा असतो, आणि रोप चार-पाच वर्षांचे होईपर्यंत द्यायचाच नसतो. झाडाला ताण दिला की बहर येतो. माणसाला दिला की संप येतो.

लावणीची रीत थोडक्यात. आत्ता वैशाखात दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्यावा. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. खड्डा महिनाभर उन्हात तापू द्यावा. मग वरची माती, दोन-तीन पाट्या कुजलेले शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड मिसळून भरावा, आणि पहिला चांगला पाऊस पडून माती बसल्यावर रोप लावावे. रोपाच्या एका अंगाला कच्चे, न रंगवलेले दहा लिटरचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, वर झाकण ठेवावे. पाणी येईल त्या दिवशी मडके भरायचे. मडके आपल्या अंगाने झिरपत राहते आणि मुळे त्याला वेढा घालतात. सहा झुडपांना आठवड्याचे साठ लिटर, एवढा सगळा खर्च. बुडाशी पालापाचोळा, तुरीच्या काड्या, उसाचे पाचट, जे मिळेल ते चार बोटे पसरावे. आंघोळीचे पाणी चालते; कपड्यांच्या सोड्याचे पाणी झाडाला घालू नये.

ज्यांना अंगण नाही, म्हणजे रांजणगाव, जोगेश्वरी, बजाजनगरकडे एका खोलीत चौघेजण राहणारे आमचे तरुण, त्यांनी अर्ध्या कापलेल्या पिंपात कुंद लावावा. मात्र कारखान्यातून स्वस्तात मिळणारे पिंप घेताना त्यात पूर्वी काय होते ते विचारा. रसायनाच्या पिंपात झाड तर मरतेच, पण तसल्याच पिंपात लोक पिण्याचे पाणी साठवताना आम्ही पाहिले आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय घेतला ती.

काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेकडे एका कारखान्यातले तीन माळी आले. कारखान्याचे नाव सांगत नाही, तशी बरीच आहेत. फाटकापाशी मोठी हिरवळ, मध्ये कारंजे. हे तिघे कंत्राटदाराचे. एक जण अकरा वर्षे तेथे होता. कंत्राटदार बदलले, तो बदलला नाही. पगारी सुटी नाही, हजेरीकार्ड नाही, पावसाळी बूटही नाहीत. ही मागणी घेऊन आम्ही व्यवस्थापनापुढे बसलो, तेव्हा एक साहेब शांतपणे म्हणाले, "बागकाम हा काही आमचा धंदा नव्हे." तेव्हा आम्हांला तो युक्तिवाद त्यांचा स्वतःचा वाटला. पुढे तो कायद्यात वाचायला मिळाला. १९७० सालच्या कंत्राटी कामगार कायद्यात निदान काम कायम स्वरूपाचे आहे की नाही हा प्रश्न विचारता येत होता. संसदेने २०२० साली कामाच्या जागेची सुरक्षितता व आरोग्य यांविषयी संहिता केली, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तीत आस्थापनेचे गाभ्याचे काम आणि त्याबाहेरचे काम अशी वाटणी आहे, आणि बागकाम व हिरवळीची निगा ही गाभ्याबाहेरच्या कामांत नाव घेऊन घातली आहेत. सफाई, पहारा, उपाहारगृह यांच्याच पंगतीला.

कायद्याची भाषा आपण बदलू तेव्हा बदलू. पण हिशेब आज मांडता येतो. उन्हाळ्यात एक चौरस मीटर हिरवळीला रोज चार-पाच लिटर पाणी लागते. पाचशे चौरस मीटरची हिरवळ म्हणजे रोजचे दोन हजार ते अडीच हजार लिटर. ते पाणी घालणारा माळी संध्याकाळी घरी जातो तेव्हा त्याची बायको टँकरच्या रांगेत उभी असते. हिरवळीला वास नाही, फूल नाही, फळ नाही, तिच्यावर कोणाला बसायची परवानगीही नाही. आम्ही व्यवस्थापनाला त्या बैठकीत लिहून दिले की हिरवळीची तीन चतुर्थांश जागा मोडा, तेथे पारिजातक, कुंद, लिंबू, कुंपणाला देवबाभूळ लावा, आणि वाचलेले पाणी कामगारांच्या पिण्याच्या टाकीला द्या. त्यांना वाटले आम्ही थट्टा करतो. तिघांच्या हजेरीचा आणि बुटांचा प्रश्न तीन महिन्यांनी सुटला. हिरवळ अजून आहे.

कोणी म्हणेल, पोटाचा प्रश्न असताना ही फुले कशाला. हा प्रश्न आम्हांला आमच्याच लोकांनी विचारला आहे. १९१२ साली अमेरिकेत लॉरेन्स गावच्या कापड गिरण्यांत संप झाला, त्याच्याशी भाकरीबरोबर गुलाबही हवेत ही मागणी जोडली गेली आहे. पण इतके दूर जायला नको. सावता माळ्यांनी अरणगावी मळा सोडला नाही, मळ्यातच पांडुरंग पाहिला. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा धंदा केला म्हणून ते फुले झाले. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे हे फुलमाळी समाजातले. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची पहिली संघटना त्यांनी उभारली आणि १० जून १८९० रोजी गिरण्यांना रविवारची सुटी मिळवून दिली. रविवार हा खंडोबाचा वार, कामगाराला त्या दिवशी देवाला जाता आले पाहिजे, असाही युक्तिवाद त्यांनी केला होता. आपण रविवारी सकाळी खुरपे घेऊन अंगणात बसतो, तो रविवार असा आलेला आहे. ज्यांना तोही मिळत नाही असे पुष्कळ आहेत, आणि त्यांत इतरांच्या बागा राखणारे माळी पहिले.

आपल्या गावाला हे नवे नाही. गुलमंडी हे नावच फुलांची मंडी सांगते. बीबीच्या मकबऱ्याची बाग, पाणचक्कीला डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेले पाणी, हिमायतबाग. फुलाला आणि पाण्याला एकत्र विचारात घेणारे लोक येथे होते. फरक इतका की ती बाग एकाची असे आणि नहरीचा चर खणणारे हात हजारोंचे. आता बाग हजारोंची करायची तर ती दोन फुटी खड्ड्याची आणि दहा लिटर मडक्याचीच असणार.

वेळ संपत आली. मागे बसलेल्या एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे की भाड्याच्या घरात झाड लावून काय करायचे, घर सोडताना ते मालकाचे होते. ताई, कुंद दाबकलमाने होतो. घर सोडण्याच्या आधीच्या पावसाळ्यात एक फांदी मातीत न दाबता मातीने भरलेल्या डब्यात दाबा. मूळ झाड मालकाला राहू द्या, डबा टेम्पोत घाला.

संघटनेच्या कचेरीमागे गेल्या श्रावणात दाबलेल्या वीस-पंचवीस फांद्यांना मुळ्या धरल्या आहेत. पाऊस बसला की आषाढातल्या कोणत्याही रविवारी सकाळी या. पैसे नाहीत, सभासदत्वाची पावतीही लागत नाही. रिकामा डबा तेवढा घरून आणा, बुडाला भोक पाडून.